स्पार्क मशीन वायरलेसवर सुटत नाही, भलतंच सुटतं किंवा आपोआप सुटतं : तपासणी कुठून सुरू करायची

वरमालेला, जोडप्याच्या एन्ट्रीला किंवा गणपतीच्या आगमनाला स्टेजच्या कडेने ठिणग्यांची कारंजी उडवणारी मशिनं असतात, त्यांच्याबद्दल हे आहे. कुणी त्यांना कोल्ड पायरो म्हणतं, कुणी स्पार्क मशीन. त्यांत शोभेची दारू नसते. टायटॅनियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूचे बारीक कण आत तापवून ब्लोअरने वर फेकले जातात. समोर कन्सोल (जिथून सगळं चालवतात तो बटणांचा डबा), त्याला वायरलेस ट्रान्समीटर आणि मशीनपाशी रिसीव्हर, अशी मांडणी मी धरून चाललोय. लग्नसराईत "वायरलेस चालत नाहीये" असे फोन इतके येतात की तपासणीचा क्रम आता तोंडपाठ झालाय.

लक्षणं

तुमचं लक्षण यांतलं कोणतं, ते आधी ठरवा.

- डिस्प्ले चालू आहे, पण फायरचा फेडर (कन्सोलवरची वर-खाली सरकणारी कळ) वर केला तरी मशीन ढिम्म.
- बाकीची सुटतात, एक गप्प. आणि गप्प राहणारं मशीन प्रत्येक वेळी तेच.
- कधी हे चुकतं, कधी ते. काही ताळमेळ नाही.
- दुपारच्या टेस्टला सगळं झकास, पाहुणे जमल्यावर मात्र सिग्नल तुटतो.
- डावीकडचं फायर केलं की उजवीकडचं उडतं.
- हीट दिल्यावर काही मिनिटांनी पहिलं मशीन शांत, पण दुसरं-तिसरं आपणहून उडायला लागतं.
- लाइटवाल्याने चेस (दिवे आपोआप एकामागून एक बदलणारा प्रोग्राम) लावला की आपलं मशीन मध्येच फुसफुसतं.
- सुटतं, पण उशिरा. भटजींचं "सावधान" होऊन अंतरपाट खाली आला, टाळ्याही संपल्या, मग कारंजं.
- फेडर खाली आणला तरी कारंजं थांबत नाही.

प्रत्येक वेळी तेच मशीन चुकत असेल तर दोष ॲड्रेसमध्ये (मशीनवर लावलेल्या नंबरात) किंवा त्या मशीनमध्ये असतो. वेगवेगळी मशिनं चुकत असतील तर लाइनमध्ये किंवा हवेत. आपोआप सुटणं हा जवळजवळ नेहमी ॲड्रेसचा घोळ असतो, आणि सगळ्यांत धोक्याचा तोच. मशीन आपोआप सुटत असेल तर त्याचा प्लग काढा आणि मगच पुढे वाचा.

हात लावण्याआधी

सगळी तपासणी हॉपर (मशीनमधला पावडरचा डबा) रिकामा ठेवून आणि हीट बंद ठेवून करायची. "कोल्ड" या नावावर जाऊ नका. वर उडालेली ठिणगी लवकर थंड होते, नोझलचं तोंड होत नाही. मशीन तापलेलं असताना नोझलवर वाकून बघायचं नाही. जवळ कोरड्या वाळूची बादली हवीच. या पावडरला आग लागली तर पाणी मारायचं नाही, कारण तापलेला धातू पाण्याशी रिॲक्ट होऊन हायड्रोजन सोडतो आणि आग भडकते. नेहमीचं सीओटू सिलिंडरही धातूच्या आगीवर चालत नाही.

एक साधा एलईडी पार लाइटही सोबत ठेवा, तीन चॅनलच्या लाल-हिरवा-निळा मोडवर चालणारा. त्याचा उपयोग पुढे येतोच.

१. कन्सोलकडे बघा

यात पैसा लागत नाही, एक मिनिट लागतं. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात १९२ चॅनलचा कन्सोल असतो, त्यातले बरेच चालू होतानाच ब्लॅकआउटमध्ये उठतात. ब्लॅकआउटचा दिवा लुकलुकत असेल तर फेडर कितीही हलवा, बाहेर शून्यच जातं. मग पेज. ए पेजवर फेडर म्हणजे चॅनल १ ते ८, बी पेजवर ९ ते १६. मशीन ९ वर आणि तुम्ही ए पेजवर असाल तर मशीनचा काही दोष नाही. शिवाय स्कॅनरचं बटण (कोणतं मशीन चालवायचं ते निवडणारं) दाबलेलं आहे ना, तेही पाहा.

मशीन उशिरा सुटत असेल आणि तुम्ही सीन (फेडरच्या आकड्यांचा एक संच) सेव्ह करून वापरत असाल तर फेड टाइमचा फेडर पूर्ण खाली आहे का बघा. तो वर राहिला तर शून्यावरून पूर्णपर्यंतचा आकडा हळूहळू चढतो, आणि मशीन त्यातल्या कुठल्यातरी टप्प्यावर सुटतं. थोडा उशीर मशीनचाच असतो, कारण ब्लोअरला वेग घ्यायला आणि पावडर वर यायला वेळ लागतो. तेवढा उशीर लक्षात ठेवून आधी फायर द्यायची सवय लावावी लागते. त्यावर दुसरा इलाज नाही.

काही कन्सोलच्या मागे पोलॅरिटीचं छोटं बटण असतं. ते दाबलं की डेटाच्या दोन तारांची अदलाबदल होते आणि अख्खी लाइन मुकी होते. गाडीत सामान भरताना ते आपोआप दाबलं जातं. काहीच चालत नसेल तर आधी तिथे बोट लावा.

२. ॲड्रेस

इथे जरा थांबणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतला मोठा वाटा या एका जागी निघतो.

कन्सोल दिव्यांशी आणि मशिनांशी ज्या भाषेत बोलतो ती डीएमएक्स. डीएमएक्सची एक लाइन म्हणजे ५१२ चॅनल, प्रत्येकावर ० ते २५५ असा एक आकडा. हे आकडे सतत सगळ्यांना ऐकू जात असतात. मशीनचा ॲड्रेस म्हणजे "तुझे आकडे इथून सुरू" एवढंच. बहुतेक स्पार्क मशीन दोन चॅनल घेतात : पहिला फायरचा, दुसरा हीटचा आणि इतर कामांचा. म्हणून पहिलं मशीन ००१ वर असेल तर दुसरं ००३ वर, तिसरं ००५ वर. नवी मुलं सरळ १, २, ३, ४ लावून मोकळी होतात.

तसं लावलं की काय होतं, ते नीट बघा. पहिल्या मशीनचा हीटचा चॅनल २, आणि दुसऱ्या मशीनचा फायरचा चॅनलही २. तुम्ही सगळ्यांना हीट द्यायला २, ३, ४, ५ हे फेडर पूर्ण वर नेऊन ठेवता. मशिनं थंड असल्यामुळे त्या क्षणी काहीच होत नाही. पण दुसऱ्या मशीनला फायरचा हुकूम तेव्हापासूनच मिळत असतो. काही मिनिटांनी ते तापतं आणि तापल्या तापल्या सुटतं. पहिलं मात्र शांत, कारण त्याचा फायरचा फेडर १ अजून खालीच आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मशीनला भूत लागलं. "पहिलं शांत, दुसरं-तिसरं आपोआप" हे लक्षण ऐकलं की मी फोनवरच ॲड्रेस वाचून दाखवायला सांगतो.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. बऱ्याच मशीनच्या दुसऱ्या चॅनलवर वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळी कामं दिलेली असतात. उदाहरणार्थ २० ते ४० ला इमर्जन्सी स्टॉप, ६० ते ८० ला उरलेली पावडर बाहेर फेकणं, २४० च्या वर हीट चालू. हा तक्ता मशीनगणिक बदलतो, तुमच्या मॅन्युअलमधला पाहा. पण अर्थ असा की फेडर सावकाश वर नेला तर तो या सगळ्या पट्ट्यांमधून जातो. मधल्या पट्टीत क्षणभर रेंगाळला की मशीन एकतर लॉक होतं किंवा पावडर ओकायला लागतं. हीटचा फेडर एका झटक्यात वर न्यायचा, एका झटक्यात खाली आणायचा. जमेल तर त्यासाठी सीन करून ठेवायचा.

१९२ कन्सोलवर माझी पद्धत वेगळी आहे. तिथे प्रत्येक स्कॅनर बटणाला १६ चॅनल असतात, म्हणून मशिनं १, १७, ३३, ४९ अशी लावतो. बारावं १७७ वर येतं. चॅनल वाया जातात, जाऊ देत. पण एकाचा चॅनल दुसऱ्यात घुसायची सोय उरत नाही, आणि प्रत्येक मशीनला स्वतःचं बटण मिळतं. सगळी बटणं दाबली की फेडर १ म्हणजे सगळ्यांचं फायर, फेडर २ म्हणजे सगळ्यांची हीट. डावं-उजवं नेहमी जोडीनेच उडवायचं असेल तर दोघांना एकच ॲड्रेस द्या, काही बिघडत नाही. उलट कामं कमी होतात. फक्त १९२ च्या वरचा ॲड्रेस या कन्सोलवर कधीच चालणार नाही. भाड्याने आणलेल्या मशीनवर आधीच्या शोचा २०० वगैरे राहिलेला असतो आणि लोक तासभर रिसीव्हर उलटेपालटे करत बसतात.

जुन्या मशीनवर डिस्प्लेऐवजी छोट्या स्विचेसची पट्टी असते. पहिला स्विच १, मग २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. वर केलेल्या स्विचेसची बेरीज म्हणजे ॲड्रेस. १७ हवा तर पहिला आणि पाचवा. दहावा स्विच ॲड्रेसचा नसतो, त्याला हात लावू नका.

मेनूत आणखी दोन गोष्टी पाहा. एक, मशीन डीएमएक्स मोडवर आहे की स्वतःच्या रिमोटवर. दोन, ते मास्टर म्हणून सेट झालेलं नाही ना. मास्टर झालेलं मशीन स्वतःच लाइनवर बोलायला लागतं आणि कन्सोलचं बोलणं त्यात मिसळून कुणालाच काही कळत नाही.

लाइटच्या चेसबरोबर मशीन फुसफुसत असेल तर पार किंवा शार्पी (फिरणाऱ्या डोक्याचा बीम लाइट) आणि तुमचं मशीन एकाच चॅनलवर आहेत. शार्पीला १६ किंवा २० चॅनल लागतात. ती ००१ वर बसली तर पुढचे सगळे तिचेच. माझं स्पष्ट मत आहे की स्पार्क मशीन लाइटच्या लाइनवर नसावीतच. वेगळा छोटा कन्सोल, वेगळा ट्रान्समीटर, आणि तो कन्सोल ज्याच्या नजरेत स्टेज आहे त्याच्याच हातात. लाइटवाला कितीही जवळचा मित्र असला तरी.

३. रिसीव्हरचा रंग, बॅटरी आणि शेजारचं लॉन

स्वस्तातले वायरलेस डीएमएक्स रिसीव्हर बटण दाबलं की दिव्याचा रंग बदलतात, साधारण सात रंग. रंग म्हणजे ग्रुप. ट्रान्समीटर आणि त्याचे सगळे रिसीव्हर एकाच रंगावर हवेत, आणि एका रंगावर ट्रान्समीटर एकच हवा. ज्या यंत्रात ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्ही होता येतं, त्याचं छोटं बटण चुकून दाबलं जातं आणि लाइनवर दोन ट्रान्समीटर तयार होतात. महागड्या यंत्रांत रंग नसतो, लिंक करावी लागते. तिथे जुनी लिंक तोडून नव्याने जोडणं हा पहिला उपाय.

आता शेजार. एका रस्त्यावर ओळीने चार-पाच मंगल कार्यालयं आणि लॉन असतात, आणि सगळीकडे तशीच यंत्रं, डब्यातून निघाली त्याच रंगावर. शेजारच्या लॉनवरचा माणूस त्याचे पार फिरवतो आणि त्याचे आकडे तुमचा रिसीव्हर ऐकतो. तपासणी सोपी आहे : तुमचा कन्सोल आणि ट्रान्समीटर बंद करा, रिसीव्हर चालू ठेवा. तरी रिसीव्हर सिग्नल मिळाल्याची खूण करत असेल तर तो दुसऱ्या कुणाचा आहे. रंग बदला आणि पुन्हा पाहा. ही तपासणी सकाळी करून भागत नाही. शेजारचे लोक त्यांचं सामान संध्याकाळी चालू करतात, तेव्हा पावडर भरण्याच्या आधी पुन्हा एकदा करायचीच.

बॅटरीबद्दल थोडक्यात. रिसीव्हरची आतली बॅटरी एक-दोन हंगामांत दमते, आदल्या रात्री पूर्ण चार्ज हवी. पॉवर बँकवर रिसीव्हर चालवणाऱ्यांनी लक्षात घ्या : रिसीव्हर इतका कमी करंट घेतो की बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि त्या थोड्या वेळाने स्वतःहून बंद होतात. "टेस्टला चाललं, मग मेलं" यामागे हे कारण अनेकदा निघतं. अडॅप्टर वापरा.

४. पार लाइट लावून बघा

शंका असलेल्या मशीनची केबल काढा आणि त्याच रिसीव्हरला तो एलईडी पार जोडा. पारला मशीनचाच ॲड्रेस द्या. आता फायरचा फेडर वर केला की पार लाल झाला पाहिजे, हीटचा वर केला की हिरवा. दोन्ही झाले तर कन्सोलपासून इथपर्यंत सगळं ठीक आहे आणि दोष मशीनमध्ये किंवा त्याच्या विजेत आहे. लाल-हिरव्यातलं काहीच लागलं नाही तर दोष मागे आहे. पार थरथरला, लुकलुकला तर सिग्नल तुटतोय, पुढचा टप्पा वाचा. आणि मशिनं १, ३, ५ अशी चिकटून लावली असतील तर निळा रंग म्हणजे पुढच्या मशीनचं फायर. तुमचा हात तिथे नसताना निळा लागला तर काहीतरी घुसतंय.

हे इतकं करायचं कारण असं की डीएमएक्स एकतर्फी आहे. कन्सोल बोलतो, मशीन ऐकतं, उलट उत्तर येत नाही. कन्सोलवर फेडर वर दिसतो म्हणजे मशीनला पोचलं असं नाही. १९८६ साली हे बनलं ते दिव्यांसाठी. यात चूक पकडायची सोयच नाही, आणि खुद्द त्याच्या मानकात लिहिलंय की आतषबाजीसारख्या धोक्याच्या कामाला हे वापरू नये. म्हणून दारू भरलेले शॉट, अनार किंवा आकाशात जाणारे फटाके डीएमएक्सवर कधीही लावायचे नाहीत. त्यांच्यासाठी किल्ली असलेल्या, दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या वेगळ्या फायरिंग सिस्टीम असतात आणि ते काम परवानाधारक माणसाचं. स्पार्क मशीनला हीट आणि फायर असे दोन वेगळे चॅनल दिलेत तेही याचसाठी, एकटा भरकटलेला आकडा येऊन मशीन सुटू नये म्हणून.

पार लावलेला असतानाच आणखी एक गोष्ट बघून घ्या. फेडर वर ठेवा आणि ट्रान्समीटरचा प्लग काढा. पार विझला तर उत्तम. पेटलेलाच राहिला तर तुमचा रिसीव्हर शेवटचा आकडा धरून ठेवणाऱ्यांतला असू शकतो. तसा असेल तर ऐन फायरमध्ये सिग्नल तुटल्यावर कारंजं थांबणारच नाही. लक्षणांतलं शेवटचं ते हेच. असे रिसीव्हर स्पार्कला वापरू नका. वापरावेच लागले तर मशिनांचा मेन स्विच हाताशी असलेला माणूस तिथे उभा करा, त्याला दुसरं कोणतंही काम देऊ नका.

५. अँटेना कुठे आहे

ही यंत्रं २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फाय, ब्लूटूथ, मोबाइलचे हॉटस्पॉट, बरेचसे ड्रोन सगळे त्याच पट्ट्यात. आणि माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असल्यामुळे गर्दी हा सिग्नल शोषून घेते. रिकाम्या लॉनवर पार टोकापर्यंत चालणारं यंत्र आठशे माणसं उभी राहिल्यावर अर्ध्यातच दम टाकतं ते यामुळे. पाकिटावर लिहिलेली शेकडो मीटरची रेंज मोकळ्या मैदानातली असते.

उपाय फुकट आहे. ट्रान्समीटर टेबलाखालून काढा आणि डोक्यांच्या वर, अडीच-तीन मीटरवर बांधा. लाइट स्टँड चालतो. अँटेना उभा ठेवा आणि ट्रसच्या (लाइट टांगायच्या धातूच्या सांगाड्याच्या) पाइपाला चिकटवू नका. एलईडी वॉलच्या मागे रिसीव्हर ठेवला तर मध्ये धातूची भिंतच उभी राहते. तो पुढे, स्टेजच्या कडेला आणा. लाइव्ह प्रक्षेपण करणाऱ्यांचा राउटर शेजारी असेल तर त्यांना ५ गिगाहर्ट्झवर जायची विनंती करा, बहुतेक जण ऐकतात. अँटेनाचा स्क्रू सैल असणं हे इतकं क्षुल्लक कारण आहे की कुणी बघतच नाही.

६. वायरलेस काढून केबल लावा

अजून जमत नसेल तर वायरलेस पूर्ण बाजूला ठेवा आणि कन्सोलपासून मशीनपर्यंत सरळ केबल ओढा. केबलवरही तोच दोष आला तर वायरलेस निर्दोष आहे, त्याच्यामागे लागणं थांबवा. ही तपासणी सहाव्या नंबरवर ठेवली ती फक्त केबल ओढायला मेहनत लागते म्हणून. केबल आधीच पडलेली असेल तर हीच पहिली करा.

केबल डीएमएक्सची हवी. माइकची केबल दहा-पंधरा मीटरपर्यंत निभावते, पुढे आकडे बिघडायला लागतात. एका रिसीव्हरवरून दोन-तीन मशिनं पुढे जोडली असतील तर शेवटच्या मशीनच्या आउटला टर्मिनेटर लावा. तो म्हणजे एक्सएलआर प्लगमध्ये (माइकच्या केबलला असतो तसल्या तीन पिनांच्या) पिन २ आणि ३ यांच्यामध्ये डाखलेला १२० ओहमचा रेझिस्टर. तो नसेल तर सिग्नल टोकाला आपटून उलटा फिरतो आणि स्वतःतच मिसळतो. दर वेळी वेगळं मशीन चुकतं या लक्षणावर हा दोन-पाच रुपयांचा इलाज आश्चर्य वाटावं इतका चालतो. वाय-केबलने लाइन दुभागू नका, त्यासाठी स्प्लिटर असतो.

साखळीतलं एक मशीन आतून बिघडलेलं असेल तर ते पूर्ण लाइन खाली ओढतं. एकेक मशीन वगळून बघा. ज्याला वगळल्यावर बाकीची सुरळीत चालतात, ते गुन्हेगार.

७. वीज

ढिम्म मशीनचं कारण इथेही निघतं. मशीन पुरेसं तापलं नाही तर फायरचा हुकूम ते पाळतच नाही, आणि दोष वायरलेसला मिळतो. एक मशीन ६०० ते ७०० वॉट घेतं. ७०० ने धरलं तर आठ मशिनं म्हणजे साडेपाच किलोवॉटच्या वर, २३० व्होल्टला साधारण २४ अँपियर. एका एक्स्टेन्शन बोर्डाचं हे काम नाही. आणि हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडते. २३० चे १८० व्होल्ट झाले तर उष्णता जेमतेम ६१ टक्के उरते.

मल्टिमीटर मशीनपाशी लावा, जनरेटरपाशी नाही, आणि सगळी मशिनं हीटवर असताना बघा. रिकाम्या लाइनवर २३० दाखवणारा बोर्ड लोडवर १८५ वर येतो. दुपारी ठीक आणि संध्याकाळी बिघाड याचं हेही एक कारण, कारण संध्याकाळी साउंड, एलईडी वॉल आणि केटरिंगचे कूलर त्याच जनरेटरवर चढतात. मशिनं दोन गटांत विभागून दोन फेजवर घ्या, हीट एकदम न देता टप्प्याटप्प्याने द्या, लांबच्या ओढणीला जाड केबल वापरा. उघड्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर घालायची सवय नसेल तर हे काम लॉनच्या इलेक्ट्रिशियनला सांगा.

८. पावडर

पार बरोबर दाखवतोय, मशीन तापलंय, तरी कारंजं बुटकं किंवा नुसता धूर, तर पावडर दमट आहे. कोकणात आणि पावसाळ्यात तर नक्कीच. शो संपला की उरलेली पावडर मशीनमधून काढून टाका, हॉपरमध्ये तशीच ठेवून पुढच्या लग्नाला नेऊ नका. गुठळी झालेली पावडर घरी तव्यावर किंवा ओव्हनमध्ये सुकवायचा प्रयोग अजिबात करू नका, तो जळणारा धातू आहे. काही मशिनांना पावडरच्या पाकिटासोबतचं कार्ड दाखवावं लागतं. कार्डाची वेळ संपली असेल तर मशीन तापतं पण सुटत नाही. डिस्प्लेवर ते लिहिलेलं असतं, वाचा. मशीन तिरकं ठेवलं असेल तरी आतला सेन्सर ते बंद ठेवतो.

इथे थांबा

यापुढे स्क्रूड्रायव्हर काढायचा नाही. पुढीलपैकी काहीही दिसलं तर मशीन बंद करा, प्लग काढा, थंड होऊ द्या आणि सर्व्हिसवाल्याकडे द्या :

- डीएमएक्सची केबल आणि रिसीव्हर दोन्ही काढल्यावरही मशीन आपोआप सुटतं.
- डिस्प्ले तापमानाची किंवा हीटरची एरर देतो आणि बंद-चालू करूनही ती जात नाही.
- ब्लोअरचा आवाज बदललाय, जळका वास येतोय किंवा नोझलऐवजी दुसऱ्याच फटीतून धूर येतोय.
- बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात. इथे मशीनच्याही आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग गेलेलं आहे किंवा न्यूट्रल तुटलाय, आणि तो धोका त्या लाइनवरच्या प्रत्येकाला आहे.
- साखळीत घातलं की बाकीची लाइन मरते असं सापडलेलं मशीन. त्याची डेटाची चिप उडालेली असते. दुरुस्ती स्वस्त आहे, पण बोर्ड उघडून करायची आहे. अशी चिप वारंवार उडत असेल तर कन्सोल एका जनरेटरवर आणि मशिनं दुसऱ्या लाइनवर आहेत का, ते सर्व्हिसवाल्याला सांगा.

आतल्या हीटरला मेनची वीज असते आणि हॉपरच्या कोपऱ्यांत पावडर उरलेली असते. हे दोन्ही एका डब्यात असताना तो डबा लॉनवर उघडायचा नसतो. मुहूर्त जवळ आला असेल तर ते एक मशीन बाजूला काढा, आणि जोडी मोडू नये म्हणून समोरच्या बाजूचंही एक काढा. सहाची चार झाली हे पाहुण्यांना कळत नाही.

सर्व्हिसवाल्याला फोन करताना या गोष्टी कागदावर लिहून ठेवा : मशीनचा ॲड्रेस आणि मोड, डिस्प्लेवरची एरर जशीच्या तशी, लोडवर मोजलेलं व्होल्टेज, सरळ केबलवर दोष राहिला की गेला, आणि पार लाइटवर कोणता रंग लागला. "वायरलेस चालत नाहीये" एवढंच सांगितलंत तर तोही तुम्हाला पहिल्या टप्प्यापासूनच सुरुवात करायला लावेल.